गरम लाकूड

सावकाश हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते त्याच्या थोरल्या बहिणीने ठेवलं. शाळेला निघताना हा एका बुटाची नाडी बांधेपर्यंत तिची वेणी व्हायची, दप्तर भरून व्हायचं आणि दोघांच्या वाटची बोलणीही तिची एकटीची खाऊन व्हायची. "या, सावकाश या," ती दारातून म्हणायची, "शाळा काय पळून जातेय." हाक चिकटली ती चिकटलीच. पुढे गिऱ्हाइकंही तसंच म्हणू लागली. लग्न होऊन आलेली बायकोसुद्धा तोंडावर 'अहो' आणि पाठीमागे 'सावकाश' म्हणायची, आणि त्याला दोन्ही चालायचं. माणूस होताच तसा. चहा पिऊन झाला की कपात एकदा डोकावून बघायचा, खरंच संपला का म्हणून.

ताई त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी आणि पन्नास वर्षांनी घाईची. तिला मागणी घालायला आलेल्या एका सज्जन माणसाने ती लाकूड कातत असताना, चालत्या लेथच्या आवाजात आपलं म्हणणं मांडलं. तिने लेथ बंद केला नाही. तो बिचारा थोडा वेळ ओठ हलवत उभा राहिला आणि गेला.

"काय म्हणत होता गं?" सावकाशने विचारलं.

"काही कामाचं नसावं. कामाचं असतं तर ओरडून म्हणाला असता."

झालं. लग्नाचा विषय तिथे मिटला.

दोघांच्या वडिलांची लाकडाची वखार होती. चांगली लाकडं पुढे, आणि मागच्या भिंतीला, ओलीला टेकून, कुजलेले ओंडके. वडील म्हणायचे, हे तर जाळायच्याही लायकीचं नाही, नुसता धूर. ताईने एकदा त्यातला एक तुतीचा ओंडका रागारागाने फोडला. कशाचा राग होता ते आता कुणाला आठवत नाही, तिला कारण लागायचंच असं नाही. ओंडका उभा फाकला आणि आत बुरशीने काढलेल्या काळ्या रेघा दिसल्या. बारीक, वळणावळणाच्या, पिवळ्या लाकडावर कुणी शाईच्या टाकाने नद्या काढाव्यात तशा. धडधाकट लाकडात असलं काही कधी सापडत नाही. त्यासाठी झाडाला मरावं लागतं आणि मग काही काळ कुणी न विचारता पडून राहावं लागतं.

तिने तो तुकडा लेथला लावला, आणि पटाशी टेकवली मात्र, टोस्टसारखा त्याचा चुरा झाला. दुसरा लावला, त्याचाही झाला. ती तिसरा भिंतीवर फेकणार होती. सावकाशने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "थांब जरा." आयुष्यभर तो तिला तेवढंच म्हणत आला.

त्यालाच पुढे रेझिनची, म्हणजे भाजल्यावर कडक होणाऱ्या पातळ राळेची, वाट सापडली. हे काम समजायला सोपं आणि करायला कंटाळवाणं आहे. कुजलेलं लाकूड आधी ओव्हनमध्ये इतकं वाळवायचं की त्याचं वजन घटायचं थांबलं पाहिजे. मग ते जाड भिंतीच्या पारदर्शक भांड्यात पाण्यासारख्या पातळ रेझिनखाली बुडवायचं, तरंगू नये म्हणून वर लोखंडाचा ठोकळा ठेवायचा, आणि पंप लावून भांड्यातली हवा ओढून घ्यायची. लाकडाच्या पोटातली हवा बुडबुडे होऊन वर येते. बुडबुडे थांबले की पंप बंद. बाहेरची हवा आत सोडली की ती रेझिनला लाकडात ढकलते, जिथे हवा होती तिथे रेझिन जातं. त्यानंतर तुकडा तसाच मुरत ठेवायचा, आणि शेवटी फॉइलमध्ये गुंडाळून भाजायचा. उष्णता लागली की आतलं रेझिन दगड होतं. ज्या लाकडात नख रुतायचं, त्यावर मग पटाशीची धार बोथट होते. बुरशीची रेघन् रेघ जागच्या जागी राहते.

पहिला प्रयोग त्याने घरच्या ओव्हनमध्ये केला. नंतर बायकोने त्यात केक भाजला. तो केक कुणालाही खाता आला नाही, आणि ओव्हन दुसऱ्याच दिवशी वखारीमागच्या वर्कशॉपमध्ये गेला.

या सगळ्यात एकच गोष्ट जिवापाड पाळावी लागते. वाळवलेलं लाकूड ओव्हनमधून काढल्यावर हवाबंद पिशवीत पूर्ण गार होऊ द्यायचं. गरम लाकूड रेझिनमध्ये घातलंत, तर ते रेझिन लाकडाला लागताक्षणी बाहेरच्या बाहेर घट्ट होतं. वरून कडक साल तयार होते आणि पोटात काही जातच नाही. दिसायला तुकडा फक्कड. मधून कुजका तो कुजकाच. नवशिके सगळे ही चूक करतात. सावकाशने एकदाही केली नव्हती. तो लाकूड संध्याकाळी पिशवीत घालायचा आणि सकाळी चहा झाल्यावर गालाला लावून बघायचा. गालाला कोमट लागलं तर पुन्हा पिशवीत. "अरे ते लाकूड आहे, तान्हं मूल नाही," ताई खवळायची. पण त्याच्या तुकड्यात कधी खोट निघाली नाही, हे गिऱ्हाइकाला सांगायचीही तीच.

त्याचं काम संपायचं तिथे तिचं सुरू व्हायचं. वर्कशॉपच्या मधोमध एक लांब टेबल होतं. अर्धं त्याचं, अर्धं तिचं. भाजलेला तुकडा तो तिच्या अर्ध्यावर ठेवायचा आणि उभा राहायचा. ती बोटाच्या नखाने तो वाजवायची. टक्. लाकूड गाभ्यापर्यंत भरलं असलं की आवाज चिनीमातीच्या कपासारखा येतो. "घेतलं," ती म्हणायची. तेवढं ऐकलं की तो आपल्या बाजूला परतायचा. मग ती त्याचं काय वाटेल ते करायची. सुऱ्यांच्या मुठी, पेनं, बाटल्यांची बुचं, कपाटांच्या गोल मुठी, म्हाताऱ्यांच्या काठ्यांची डोकी. लेथ फिरायचा, छिलके उडायचे, आणि ती स्वतःशी मोठ्याने भांडत असायची.

दुखणं आलं ते मुठीवरूनच आलं.

"ही मूठ बारीक झालीय," ताई एकदा आपली गोल पटाशी हातात फिरवत म्हणाली.

समोर सुरीवाला बसला होता. तो पाती घडवायचा आणि मुठी यांच्याकडून न्यायचा. "ताई, मुठी बारीक होत नसतात," तो म्हणाला. "माणसं होतात. तुम्ही जेवता का नीट?"

"तू आपलं पातं बघ. मागच्या खेपेचं लोणीसुद्धा कापत नव्हतं म्हणे."

"लोणी कडक असेल."

हसण्यावारी गेलं. पण सावकाश काही लगेच हसत नसे, त्याला विनोद कळायलाही वेळ लागे, आणि त्या वेळात त्याने बघितलं की ताईचा अंगठा पटाशीवर नीट बसत नाहीये. मग बाटलीचं झाकण. मग पेन्सिल. मग कोटाची बटणं. ती प्रत्येक वेळी वस्तूलाच शिव्या द्यायची.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी सगळं स्वच्छ सांगितलं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसाच मरत चालल्यात, औषधाने थोडा वेग कमी होईल, बरं काही होणार नाही. रोगाचं नाव लांबलचक होतं, आणि ते इथे लिहून कुणाचं भलं होणार नाही.

"पुढे किती काळ, ते तुम्हाला जाणून घ्यायचंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "मला आकडा सांगू नका. आकडा कळला की माणूस काम सोडून मोजत बसतं. हात चालतोय तोवर लेथ चालेल. चल रे." आणि ती उठून तरातरा बाहेर गेलीसुद्धा. तेव्हा पाय धड होते.

सावकाशला उठायला नेहमीप्रमाणे वेळ लागला. तो टोपी शोधत राहिला आणि मग त्याने हळूच विचारलं. डॉक्टरीणबाईंनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग दाराकडे. "त्यांनी विचारलं तर मी त्यांना खोटं सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारताय म्हणून सांगते. फार वेगाने चाललंय हे. आणखी एक उन्हाळा धरून चालू नका."

तो बाहेर आला तेव्हा ताई लिफ्टवाल्याशी भांडत होती.

"काय करत होतास आत?"

"टोपी."

"डोक्यावरच आहे तुझ्या," ती म्हणाली.

तेव्हापासून त्याने एकच काम डोक्यात घेतलं. ताईला आकडा कळू द्यायचा नाही, आणि तिच्या हातातली पटाशी सुटू द्यायची नाही. हात बारीक झाला तर मूठ जाड करू. बोटं वळत नसतील तर बोटांच्या जागा मुठीतच खोदू. बायको प्राथमिक शाळेत शिकवायची, तिने वर्गातल्या मुलांच्या रंगीत, न वाळणाऱ्या मातीचा एक गोळा आणून दिला. ताईने तो मुठीत घट्ट दाबला. अंगठा, चार बोटं, तळव्याची रेघ, सगळं उमटलं. त्या मापाची मूठ सावकाशने केली, आणि ताई पुन्हा लेथवर उभी राहिली.

"बघ," ती सुरीवाल्याला म्हणाली, "राजाच्या घरीसुद्धा असली मापाची मूठ नसेल."

पण लाकूड वाळायला, मुरायला, भाजायला लागतो तो वेळ लागतोच. पहिली मूठ हातात रुळते न रुळते तोवर हात मातीतल्या मापाचा राहिला नव्हता. पुन्हा माती, पुन्हा मूठ. खिडकीत मातीचे गोळे एकाशेजारी एक बसले, निळा, तांबडा, हिरवा, आणि प्रत्येकातले बोटांचे खड्डे आधीच्यापेक्षा उथळ. सावकाश त्या रांगेकडे पाठ करून काम करायला शिकला.

"सांगा तिला," बायको म्हणायची. "माणसाला कुणाला काय सांगायचं असतं, काय आवरायचं असतं."

"ती नको म्हणाली."

"ती डॉक्टरांना नको म्हणाली. तुम्ही काय डॉक्टर आहात?"

तो कपात बघायचा.

मग ती सकाळ आली. चहाच्या वेळी ताईच्या हातून कप पडला. कप पडणं नवीन नव्हतं, पण या वेळी तिने कपाला शिवी दिली नाही. फरशीवरच्या चहाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "जाऊ दे, पुसायला नको, वाळेल." ताई असं म्हणाली, ही गोष्ट सावकाशच्या काळजात सुरीसारखी गेली. तो उठला, आणि वर्कशॉपकडे जवळजवळ पळतच गेला.

ओव्हनमध्ये नव्या मुठीचं लाकूड होतं. या वेळी त्याने एक गोष्ट उलटी केली होती. कडक झालेलं लाकूड कोरायला वेळ जातो, म्हणून मऊ असतानाच तासून, कोरून, मातीच्या मापाची मूठ आधी केली होती आणि पटाशीची चूळ, म्हणजे मुठीत शिरणारं टोक, बसायचं भोकही पाडून ठेवलं होतं. आता नुसतं रेझिन पाजायचं राहिलं होतं. त्याने ओव्हन उघडला. पिशवी बाजूला टांगलेली होती. तिच्याकडे त्याने बघितलं. मग ती मूठ फडक्यात धरून, बोटं भाजत असताना, सरळ भांड्यात सोडली आणि पंप लावला. बुडबुडे आले, थोडेच आले, लवकर थांबले. त्याने स्वतःला सांगितलं, लहान तुकडा आहे, लवकर थांबणारच. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट माणूस स्वतःला किती झटकन विसरायला लावतो.

मूठ दिसायला सगळ्यात देखणी झाली. हिरवट रंग घातलेलं रेझिन होतं, काळ्या रेघा त्यात उठून दिसत होत्या. त्याने ती पटाशीवर बसवली आणि ताईच्या अर्ध्यावर ठेवली. ताईने नख मारलं. आवाज आला. तिने क्षणभर त्याच्याकडे बघितलं, पुन्हा एकदा वाजवली, आणि म्हणाली, "घेतलं."

सुरीवाला तिथेच होता, चहा फुंकत. ताईने बाटलीचं एक बूच कातायला घेतलं. हात थरथरत होता, पण मूठ तळव्यात बसली होती आणि छिलका निघत होता, सलग, कागदासारखा. ती गुणगुणायलाही लागली. तेवढ्यात पटाशी गाठीला अडली, उसळली, आणि काड्कन आवाज झाला. पटाशी फरशीवर, अर्धी मूठ भिंतीला. ताईच्या मनगटावर एक ओरखडा, बाकी काही नाही.

सावकाशने लेथ बंद केला.

"गाठ होती," सुरीवाला म्हणाला. "गाठीला माझ्या हातूनही सुटते."

"तुझ्या हातून सगळंच सुटतं," ताई म्हणाली. पण आवाजात धार नव्हती. तिने पटाशी उचलायला सांगितली, ती कुशीत धरली आणि आपल्या खोलीत गेली. नंतर ती वर्कशॉपची पायरी चढली नाही.

सावकाशने भिंतीकडचा तुकडा उचलला. कडेने हिरवी बारीक साल, आणि आत सगळं पांढरट, कोरडं, भुसभुशीत. बोटाने दाबलं तर पीठ झालं. त्याने तो तुकडा भुशाच्या पोत्यात खोल खुपसला.

पाय लटपटायला लागल्यावर ताईला सावकाशच्या घरात, पुढच्या खोलीत आणलं. तिथून अंगण दिसायचं, वर्कशॉपचं दार दिसायचं. ती खुर्चीत बसून असायची आणि लेथचा विषय काढायची नाही. जेवताना म्हणायची, "हात गेला माझा." दुसरं काही नाही. पण हात गेला नव्हता. त्या दिवशी तरी नव्हता. हात शेवटपर्यंत धरून होता, मूठ फसवी होती. आणि मूठ का फसवी होती ते सांगावं, तर घाई का केली तेही सांगावं लागणार. आणि घाई का केली ते सांगितलं की आकडा आलाच.

"तुम्ही आतल्या आत कुजाल," बायको म्हणाली. "आणि तुम्हाला काही रेझिन पाजता यायचं नाही."

शेवटी एका दुपारी तो ताईसमोर स्टूल घेऊन बसला. बसायला वेळ घेतला, बोलायला त्याहून जास्त.

"ताई, तो हात नव्हता. मूठ कच्ची होती."

"माहीत आहे."

त्याने स्टूल जवळ ओढलं.

"उशीखाली बघ," ती म्हणाली. "मला वळता येत नाही."

उशीखाली पटाशी होती. चुळीवर मुठीचा दुसरा अर्धा तसाच अडकलेला, हिरवी कड, पांढरं पोट. हा तुकडा तो साफ विसरला होता.

"नख मारलं तेव्हाच कळलं होतं," ताई म्हणाली. "टक् नाही आलं, ठप्प आलं. गरम बुडवलंस ना?"

त्याने मान डोलावली.

"मग घेतलं का म्हणालीस? हाताला लागलं असतं. डोळ्याला लागलं असतं."

"तू इतक्या आशेने उभा होतास. तुझ्या तोंडावर नाही कशी म्हणू?" ती थांबली. हल्ली बोलतानाही तिला थांबावं लागायचं. "डॉक्टरीणबाईंना मी म्हटलं, आकडा सांगू नका. त्या शहाण्या, त्यांनी नाही सांगितला. तू सांगितलास."

"मी कुठे—"

"जन्मात कधी घाई केली नाहीस तू. आई गेली तेव्हासुद्धा बुटाची नाडी बांधून आलास. आणि माझ्यासाठी गरम लाकूड बुडवलंस. मला मोजता येत नाही का? तेव्हाच कळलं की फार नाही उरलेलं."

सावकाश स्टुलावर बसल्या बसल्या रडला. आवाज न करता, हळूहळू, जसं तो सगळंच करायचा तसं. ताईला हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवता येत नव्हता. तिने पाय थोडा सरकवला आणि त्याच्या बुटाला लावून ठेवला.

"पुरे," ती मग म्हणाली. "नाक पूस. माझ्या फळीवर तो तुतीच्या मुळाचा तुकडा आहे ना, चिंध्यात बांधलेला, चांगल्या कामासाठी ठेवलाय म्हणत आले तो? त्याची मूठ कर."

"लगेच घेतो."

"लगेच नाही, गाढवा. सावकाश. सगळं रीतसर. वाळव, गार कर, गालाला लाव, तुझा तो सगळा सोहळा कर."

"माती आणतो. माप घेऊ."

"माझ्या हाताचं माप घेऊन काय लोणचं घालणार आहेस? तुझ्या हाताचं घे."

"मला कातता येत नाही."

"मग शिकशील. वेळ आहे तुला."

त्याने तिच्यासमोर मातीचा गोळा मुठीत दाबला. ती म्हणाली, "जोरात. लाजतोस काय?" खिडकीतल्या रांगेत तो शेवटचा गोळा, पिवळा. त्यातले खड्डे खोल होते, आणि तो त्या ओळीत परका दिसत होता.

तुतीचं मूळ भांड्यात उतरलं त्या दिवशी सावकाश आणि सुरीवाल्याने ताईला खुर्चीसकट उचलून वर्कशॉपमध्ये नेलं. "हळू रे, मी काय ओंडका आहे?" ती म्हणाली, आणि सुरीवाला म्हणाला, "ओंडका असता तर इतक्या तक्रारी केल्या नसत्या." पंप सुरू झाला. लाकूड अगदी पोकळ झालेलं होतं, बुडबुडे थांबता थांबेनात. फेस भांड्याच्या तोंडापर्यंत यायचा, खाली बसायचा, पुन्हा यायचा. दुपारचं ऊन टेबलावरून सरकून फरशीवर आलं तरी ते चालूच.

"बघ," ताई म्हणाली, "मेल्यावरही किती बोलतंय. माझ्यावर गेलंय."

या वेळी सावकाशला विनोद लगेच कळला.

लाकूड मुरत असताना ताई गेली. भर दुपार होती. बायको तिच्या डोक्याखालची उशी बदलत होती आणि सावकाश अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरातून सूप घेऊन येत होता. वाटी काठोकाठ भरली होती. सांडू नये म्हणून तो पावलापावलाने येत होता, डोळे वाटीवर. बायको दारात येऊन उभी राहिली. त्याने वर बघितलं तेव्हा तिचा चेहरा दिसला, आणि तरीही उरलेलं अंगण तो तसाच, न सांडता, चालून आला. वाटी कुठे ठेवावी ते त्याला कळेना. बायकोने ती त्याच्या हातातून घेतली.

नंतर तो बायकोला एकदाच म्हणाला, "भराभर आलो असतो तर."

"तर सूप सांडलं असतं," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिला खरं उत्तर ठाऊक होतं आणि त्यालाही.

तुकडा त्याने घाईने काढला नाही. मुरू दिला, गरजेपेक्षा जास्तच. मग फॉइलमध्ये गुंडाळून भाजला, गार केला, वर आलेली रेझिनची खपली खरवडून काढली. लेथ शिकायला त्याने सुरीवाल्याची मदत घेतली. सुरीवाल्यालाही धड येत नव्हतं, त्यामुळे दोघांनी मिळून पुष्कळ लाकूड वाया घालवलं. जमेल तसं मग त्याने तुतीचं मूळ कातलं, आणि पिवळ्या गोळ्याच्या मापाने कोरलं. तोवर ऊन कडक झालं होतं. ताईशिवायचा पहिला उन्हाळा.

मातीकडे त्याचं लक्ष त्या दिवशी गेलं. खिडकीतले गोळे उन्हाने मऊ होऊन बसले होते. निळ्यातली करंगळी गेली होती, तांबड्यातली बोटं एकमेकांत मिसळली होती. हिरव्यात तर काही नव्हतंच, ते आधीच उथळ होतं. कुजकं लाकूड जन्मभर टिकवणाऱ्या माणसाला ती माती सावलीत ठेवायचं सुचलं नव्हतं. मातीत रेझिन जात नाही, तिला पोकळ पोट नसतं. पहिल्या निळ्या गोळ्यात अंगठ्याची जागा तेवढी अजून होती, कडा ढासळलेली. त्याला तिच्यात आपला अंगठा ठेवून बघावंसं वाटलं. पण ठेवला असता तर तेही गेलं असतं. त्याने फळीसकट ती रांग उचलली आणि भिंतीकडच्या गार कोपऱ्यात नेऊन ठेवली.

मग मूठ पटाशीवर बसवली. ती त्याच्या हातात अशी बसली की जणू हात तिच्यासाठीच केला होता. त्याने ती फडक्याने पुसली, टेबलाच्या पलीकडच्या अर्ध्यावर ठेवली, आणि उभा राहिला.

बायको शाळेतून आली तेव्हा तो तसाच उभा होता.

"काय करताय?"

"काही नाही," तो म्हणाला.

टेबलाच्या त्या बाजूला कुणीतरी नख मारायचं होतं. त्याची वाट बघायची त्याच्या पायांना सवय होती, आणि पाय काही हलेनात.